बयाचे एक मिनिट

"इयत्ता चौथीतील कु. बया श्रीपत हिचे चित्त कोणत्याही वस्तूवर सलग एक मिनिटही ठरत नाही. दोष मेंदूतील रसायनांचा असून असाध्य आहे. सबब नाव पटावरून कमी करावे."

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका एकशिक्षकी शाळेतून कोंडाजी गुरुजींनी हा अहवाल शाळा तपासनिसांकडे पाठवला. मिनिट कशाने मोजले, हे त्यात नव्हते. शाळेचे घड्याळ दोन वर्षे बंद होते. रसायनाचा शोध मात्र ताजा होता. शेंगदाण्याच्या पुडीवर आलेल्या लेखाचा वरचा अर्धा भाग गुरुजींनी वाचला होता. उपाय बहुधा खालच्या अर्ध्यात असावा. तो वाण्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला होता.

बयाचा बाप महाडच्या कारखान्यात पाळीवर जाई. नाव कमी झाले की पोर गुरांमागे जाणार, हे त्याला ठाऊक होते. गुरुजींनी रसायने समजावली, ती त्याने ऐकून घेतली.

"गुरुजी, आमच्याकडं एखादा माल लवकर उकळतो. म्हणून टाकी कोण फेकत नाय. ढवळणारा बदलतात."

तपासनिसांनी पुरावा मागवला: एका दिवसाची मिनिटागणिक नोंद. शुक्रवारी गुरुजी उसने आणलेले मनगटी घड्याळ आणि वही घेऊन बयासमोर बसले. "११.०५, खिडकीकडे. ११.०६, खिडकीकडे." अशा एकवीस ओळी भरल्या. आपण आपलाच अहवाल खोडत आहोत, हे कळण्याइतके त्यांचे लक्ष नव्हते. अखेर तेही खिडकीशी गेले.

चौकटीवर कुंभारीण माशी मडके घडवत होती. बांधावरून चिखलाची गोळी येई, काठ तसूभर वाढे, गुणगुण थांबे, पुन्हा लांबून येई. बाहेर पिकल्या भातावर ऊन पसरले होते. तिसरीची पोरे आली, दुसरीची आली. मधल्या सुट्टीची घंटा झालीच नाही आणि वाटायच्या सुकडीची आठवण कोणाला झाली नाही. दुसरीतल्या आपल्या पोरीला शोधत आलेली साळूबाई डोक्यावरच्या पाटीसकट तिथेच उभी राहिली.

दुपारच्या एस.टी.ने तपासनीस आले. "कोंडाजी, वर्ग कुठे आहे?"

गुरुजींनी मान वळवली नाही. "थांबा हो जरा. अळी आत ठेवतेय."

बयाने साहेबांना हातानेच बाजूला सारले. "उजेडात नका उभं राहू, आबा. मडक्याचं तोंड लिंपायचं ऱ्हायलंय तिचं."

साहेब सरकले. लिंपून झाल्यावर त्यांनी लेखी खुलासा मागितला. तो दप्तरी जसाच्या तसा आहे:

"दि. १७ ऑक्टोबर १९८६ रोजी ११.२६ ते २.४० माझे लक्ष वर्गावर, घंटेवर वा घड्याळावर नव्हते, हे मान्य आहे. मध्ये मला एक शिंक आली. माझी नजर हलली ती बयाकडे गेली. तिची हललेली नव्हती."