बखर सहा नंबरच्या खिळ्याची

श्री गच्चीवरील टाकी प्रसन्न. जिच्या कृपेने नळास पाणी आणि नळावर भांडण, तीस दंडवत घालोन लेखणी धरिली. शके १९०९, प्रभव नाम संवत्सरी, चैत्रमासी गृहनिर्माण मंडळ सरकारांनी नगराबाहेर दलदलीवर बारा चौमजली इमारती उठविल्या आणि रयतेस बोलावून वसविले. हर इमारतीस पत्र्याची एक पाटी, तीवर इंग्रजी आकडा, वर एक खिळा, खाली एक खिळा, ऐसा बंदोबस्त केला. रयत बहुत संतोष पावली आणि पेढे वाटिले आणि मग दुसऱ्याच वर्षी छतांचे पोपडे आमटीत पडो लागले. सहा नंबरी तिसऱ्या मजल्यावर द्वारकाबाई हुलवळे म्हणोन करारी बाई नांदत होत्या. त्यांचे यजमान मंडळाचे रंगारी. पाटीवरील सहा त्यांनीच आपले हाते काढिला होता. शके १९१२त यजमान कैलासवासी जाहले आणि त्याच साली पाटीचा वरला खिळा गळाला. पाटी गर्रकन फिरोन खालच्या खिळ्यास उलटी लटकली आणि सहाचा नऊ जाहला. बाईंनी इमारतीचे सेक्रेटरी भास्करराव पडवळ यांजपाशी खिळा मागितला. भास्करराव बोलिले, "बघू, मीटिंगमध्ये घेऊ." तो विषय मीटिंगीत सव्वीस वर्षे सुखाने राहिला.

मग शके १९३८, दुर्मुख नाम संवत्सरी, मंडळाचे अभियंते चौगुले साहेब यांची स्वारी दोन कारकून आणि एक छत्री ऐसी फौज घेवोन आली. हाती फर्मान की, सहा नंबर धोकादायक, पंधरा दिवसांत खाली करणे. साहेब पाचावरून निघाले ते सातावर पोचले आणि साताहून फिरले ते पाचावर आले. मध्ये उभा नऊ. साहेब घामाघूम होवोन पुसते जाहले, "सहा कुठाय हो?" भास्करराव म्हणाले, "सहा? तो नुसता मंजूर झाला होता साहेब. बांधलाच नाही." मंडळाची रीत पाहता साहेबांस हे खरे वाटले आणि स्वारी माघारी गेली. सहा नंबरी रयतेने जिलेबी खाल्ली. पुढे महिन्याने खबर आली की, सहाचे रहिवाशांस लिफ्टची नवी इमारत, दोन खोल्या आणि घरात संडास मिळणार. तेव्हा भास्कररावांनी दुपारी, सर्व मुलूख वामकुक्षीत असता, दोरीने पाटी सुलटी केली. परंतु खऱ्या नऊ नंबरचे कांबळी मास्तर, ज्यांची इमारत खडकासारखी धड, तेही त्या दुपारी निजले नव्हते. त्यांनी आपली पाटी उलटी केली. आता मुलखात सहा दोन जाहले आणि नऊ एकही उरला नाही. साहेब पुन्हा तपासास आले, तो मास्तर शपथ वाहोन बोलिले, "आम्ही जन्मापासूनच सहा!" साहेब हसले. म्हणाले, "छान. जे सहा असतील त्यांनी आठ दिवसांत खोल्या सोडा. तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहा. मग चावी." मंडळाची तीन वर्षे किती लांब, हे शेंबडे पोरही जाणत होते. साहेब चहास बसले आणि कप खाली ठेवितात तो दोन्ही पाट्यांवर नऊ!

दुसरे दिवशी सकाळी द्वारकाबाईंनी नातीस न्हाऊ घालण्याकरिता पाळण्यातून उचलिले मात्र, वरून छताचा ढलपा सुटला आणि पाळण्यात पडला. आत खुळखुळा होता, त्याचा चुरा जाहला. बाई नातीस उराशी धरून मोठ्याने रडल्या आणि मग डोळे पुसोन, मूल सुनेचे हाती देवोन, हातोडा व दोन खिळे घेवोन खाली उतरल्या. भास्करराव आडवे आले. "वहिनी, तो विषय अजून मीटिंगमध्ये..."

"ढलपा तुमच्या डोक्यात पडला असता म्हणजे कळलं असतं! माझ्या माणसानं सहा काढलाय, तो सहाच राहील. पोर आज वाचली. उद्याची हमी कोण देणार, तुम्ही?"

बाईंनी पाटी सुलटी करोन दोन्ही खिळे ठोकिले आणि स्वतः साहेबांस फोन केला. आठ दिवसांत बत्तीस बिऱ्हाडे शेडात गेली. नवव्या दिवशी पाडणारे आले तो, पहिला घाव घालण्याआधीच जिना आपणहोवोन खाली बसला. आत चिटपाखरू नव्हते. भास्कररावांनी ते पाहिले आणि तेथेच मातीत बसोन द्वारकाबाईंस हात जोडिले.

तीन वर्षांची आठ जाहली. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, नवी इमारत उभी राहिली आणि द्वारकाबाईंस चावी मिळाली. बाईंनी पेटीतून, शेडात जाताना उतरवोन ठेविलेली, यजमानांची सहाची पाटी काढिली आणि इमारतीच्या दारावर दोन खिळ्यांनी पक्की ठोकिली. इतक्यात चौगुले साहेब पेन्शनीच्या उंबरठ्यावरून अदबीने बोलिले, "आजी, नव्या नकाशात तुमच्या इमारतीचा नंबर नऊ आहे."

भास्कररावांनी तोंड उघडिले. बाईंनी एकवार त्यांजकडे पाहिले, तो मिटले. मग बाईंनी पक्कड मागविली आणि वरला खिळा उपटिला.

एणेप्रमाणे सहाचे वर्तमान. मंडळाची तीन वर्षे आठ भरली, एका खिळ्याचा विषय मीटिंगीत चौतीस वर्षे चालोन पुढील मीटिंगीस ठेविला, आणि नात शाळेत सहास नऊ म्हणते म्हणोन मार खाते. लेखनसीमा.