पिवळ्या रेनकोटच्या मागे

सायकल क्लबच्या अध्यक्षांचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला आणि रविवारची फेरी दंतवैद्यांच्या गळ्यात पडली. खरं तर गळा त्यांनी स्वतःहूनच पुढे केला होता. "शर्यत नाही, सहल आहे," अध्यक्षांनी पलंगावरून बजावलं. "एक जरी माणूस हरवला ना डॉक्टर, तर पुढच्या वेळी मी कुबड्या घेऊन येईन, पण तुम्हाला पुढे ठेवणार नाही."

डॉक्टरांच्या बायकोचं मत याहून वाईट होतं. "चार माणसांना घेऊन बाजारात जाता आणि एकटे परत येता. वर मलाच विचारता, बाकीचे कुठे हरवले?"

म्हणून डॉक्टर जय्यत तयारीनिशी निघाले. गळ्यात शिट्टी, हँडलला मोबाइल आणि अंगात धुक्यातही डोळ्यांत भरेल असा पिवळाधम्मक रेनकोट. निघण्यापूर्वी त्यांनी छोटंसं भाषणही ठोकलं. "पुढाऱ्याच्या पुढे जायचं नाही. पुढारी नजरेआड होऊ द्यायचा नाही. आणि सायकल चालवताना फोनवर बोलायचं नाही. पिवळा रंग दिसला की त्याच्या मागे यायचं, बस्स."

"पुढाऱ्यांच्या मागे जाऊन आजवर कुणाचं भलं झालंय?" शिंपीकाका पुटपुटले आणि सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत.

शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना कुंपणं असलेल्या अरुंद गाडीवाटा सुरू झाल्या. भुरभुर पाऊस होता, धुकं होतं, आणि डॉक्टरांच्या सहनशक्तीचा अंत पाहणारी माणसं होती. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दर वळणावर फोटो काढायला थांबे. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई रस्त्यावरच्या पाट्यांचं शुद्धलेखन तपासायला थांबत. शिंपीकाका कशासाठीच थांबत नसत. पण ते इतके सावकाश चालवत की थांबलेत की चाललेत, हे जवळ गेल्याशिवाय कळत नसे. उरलेले सातआठ जण, कुणीतरी थांबलंय ना, म्हणून थांबत. शिट्ट्या फुंकून डॉक्टरांचे गाल दुखायला लागले.

"अहो, गोगलगाय तरी पुढे जाते!" ते ओरडले.

"तिच्या पाठीवर घर असतं, भाऊजी. उशीर झाला तर तिला कोण बोलणार?" मेहुणा म्हणाला.

अशात एक फाटा आला. मोबाइल म्हणाला डावीकडे. डावीकडची वाट चिखलात गेलेली होती. "तुम्ही इथेच थांबा. हलू नका. मी बघून येतो," असं म्हणून डॉक्टर डावीकडे वळले. ती वाट एका गोठ्याच्या दाराशी संपली. दारात एक कुत्रा होता. तो भुंकला नाही, चावला नाही. नुसता वाटेच्या मधोमध येऊन बसला आणि डॉक्टर परतायला निघाले की उठून दात दाखवू लागला. आयुष्यभर लोकांच्या दातांकडे बघून पोट भरलेल्या माणसाला हे दात मात्र बघवेनात. गोठ्यातून कुणीतरी हाक मारली, कुत्रा आत गेला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

ते फाट्यावर परत आले. तिथे चिटपाखरू नव्हतं.

डॉक्टरांनी मेहुण्याला फोन लावला. पलीकडून धापा ऐकू आल्या.

"कुठे आहात तुम्ही सगळे?"

"तुमच्या मागे, भाऊजी! जरा हळू चालवा की! जीव जातोय आमचा!"

"अरे, मी फाट्यावर उभा आहे!"

"काहीतरीच काय! दिसताय की आम्हाला समोर. आणि सायकल चालवताना फोन करू नका, तुमचाच नियम आहे!" फोन कट झाला.

त्यांनी बाईंना लावला. "डॉक्टर," बाई धापा टाकत पण शाळेतल्याच आवाजात म्हणाल्या, "आधी गोगलगाय म्हणून हिणवायचं आणि मग असं पळवायचं, हे शोभत नाही." तोही कट झाला. त्यानंतर कुणीच फोन उचलेना. नेमका आजच सगळ्यांनी नियम पाळायचं ठरवलं होतं.

चिखलातल्या चाकांच्या खुणा बघत डॉक्टर जीव खाऊन पायडल मारू लागले. पुढे एक बाई बांधावर मेंढ्या राखत बसली होती.

"इकडून सायकलवाले गेले का?"

"गेले ना. पुढे एक पिवळ्या कोटवाला जिवाच्या आकांतानं पळत होता, मागे दहा-बारा जण ओरडत. काय केलंय हो त्यानं?"

"काही नाही. त्यांना वाटतंय, तो मी आहे."

बाईने त्यांना नीट न्याहाळलं. "मग तुम्ही त्यांच्याच मागे कशाला जाताय? उलट्या दिशेनं पळा की!"

एका टेकाडापलीकडे छोटं गाव लागलं. पहिल्याच घरापुढे सगळ्या सायकली आडव्यातिडव्या पडल्या होत्या आणि क्लबची मंडळी अंगणाच्या भिंतीवर घाम पुसत बसली होती. चेहरे लाल, पण नुसते फुललेले. मेहुणा बंद दार ठोठावत होता. "भाऊजी, पुरे झाली थट्टा! दार उघडा!"

"मी इथे आहे," भाऊजी मागून म्हणाले.

मेहुण्याने दाराकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "आत्ता आत जाऊन कडी लावलीत ना? मग मागून सायकलवरून कसे आलात?"

डॉक्टरांना उत्तर द्यायची गरज पडली नाही. खिडकी बोटभर उघडली आणि आतून पिवळ्या रेनकोटातला एक घाबरा चेहरा बाहेर डोकावला. उजवा गाल सुजलेला. डॉक्टरांना बघताच त्याचा रंग उडाला.

"म्हणजे स्वतःसुद्धा आलात!" तो कळवळून म्हणाला. "एक दाढ अर्धवट सोडून पळालो, तर एवढी माणसं अंगावर घालायची, डॉक्टर?"

ते शहरातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. दाढेचं काम अर्ध्यावर टाकून दवाखान्यातून निसटले होते आणि फोन केला की परगावी गेल्याचं सांगत होते. सकाळी सहज सायकल काढली, फाटा ओलांडला, तर मागून धुक्यातून आरोळी आली, "डॉक्टर! थांबा!"

"मला ऐकू आलं, डॉक्टर म्हणतात थांबा! वळून बघतो तर झुंडच्या झुंड. मी वेग वाढवला, तर तेही वाढवतायत!"

"मी दाढेसाठी आलेलो नाही!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "मी माझी माणसं न्यायला आलोय!"

"आलाच आहात तर बघूनच जा," असं म्हणत ग्रंथपालांच्या बायकोने कडी काढली आणि नवऱ्याला दंडाला धरून अंगणातल्या खुर्चीत बसवलं. "रात्ररात्र कण्हतात आणि मला सांगतात, वारा सुटलाय."

शिंपीकाकांनी ग्रंथपालांचं डोकं धरलं, बाईंनी बॅटरी धरली. "आ करा. मोठा आ. काना चांगला लांब द्या," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी आत बघितलं, सुस्कारा सोडला आणि उद्या सकाळी न चुकता यायला सांगितलं. बायको म्हणाली, "मी घेऊन येते." ग्रंथपालांचा सुटकेचा शेवटचा मार्गही बंद झाला.

चहा झाल्यावर डॉक्टर मंडळींवर उखडणार, तेवढ्यात शिंपीकाका उठून उभे राहिले. कपाळावर घाम, डोळ्यांत चमक. "एवढ्या वर्षांत अशी फेरी झाली नाही," ते म्हणाले. "सायकल पळते, हे मला आज कळलं."

"मी एकही पाटी वाचली नाही," बाई अभिमानाने म्हणाल्या.

मेहुणा ग्रंथपालांकडे वळला. "साहेब, पुढच्या रविवारी तुम्हीच पुढे राहा. भाऊजी, तुमची काही हरकत?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या उत्तराची वाट कुणी पाहत नव्हतं. सगळे ग्रंथपालांकडे बघत होते. गालावर हात ठेवून त्यांनी बराच विचार केला.

"येईन," ते म्हणाले. "पण डॉक्टर माझ्या अगदी मागे पाहिजेत. ते दिसल्याशिवाय मला एवढा वेग येणार नाही."