बाळाचं कौतुक

पोरं सांभाळायच्या कामाला मुलाखत द्यावी लागते, हे ऐकून मला हसूच आलं! अक्कलकोट रोडच्या कारखान्यात आम्ही बायका टॉवेलांच्या कडा शिवायचो, तेव्हा मशीनशेजारी चादरीची झोळी बांधून सगळ्यांची पोरं मीच झोपवायची. माझी कसली परीक्षा घेणार?

पण काम मिळणं भाग होतं. हे गेल्यापासून घर नुसतं गप्प. माझ्या नवनाथनं पुण्याहून बजावलं होतं, "आई, एक तारखेला घराला कुलूप लावायचं आणि इकडं यायचं." त्याचं घर नवव्या मजल्यावर. तिथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. मुंग्यांशी मी काय बोलू? मी ठणकावलं, "मला हितं काम हाय!"

काम नव्हतंच. म्हणून ही मुलाखत.

शेजारच्या प्रतिक्षानं तयारी मनावर घेतली. उशीला टोपडं घालून तिनं ती माझ्या मांडीवर दिली आणि स्वतः मॅडम होऊन खुर्चीत बसली.

"येसूबाई, कसं वाटलं आमचं बाळ?"

"माकडतोंड्या हाय मेला!"

"अहो मावशी!"

"मग काय म्हणू? लेकराला चांगलं म्हटलं की दृष्ट लागती. आमच्या जेऊरला देखणं लेकरू दिसलं, की आधी नावं ठेवायचे."

"बुद्धप्रिया मॅडम बँकेत आहेत. दृष्ट-बिष्ट मानत नाहीत. गोड म्हणायचं. म्हणा, किती गोड!"

सुईच्या नेढ्यातून सुतळी ओवावी तसा तो शब्द माझ्या तोंडातून निघाला. मग मात्र संध्याकाळपर्यंत मी त्या उशीचं इतकं कौतुक केलं, की शेवटी तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या!

दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून गेले. मॅडमच्या मांडीवर छोटा अजिंक्य होता. कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई, भीमाबाई, भिंतीकडं बघत बसलेल्या. मॅडम हळूच म्हणाल्या, "मांडीचं हाड मोडल्यापासून आई कुणाशी बोलत नाहीत. आता पाय बरा आहे, पण उठतही नाहीत." मग बाळ माझ्याकडं देऊन त्यांनी विचारलं, "कसं वाटलं आमचं बाळ?"

अगदी पाठ केलेला प्रश्न!

"किती गोड! किती गुटगुटीत! डोळे तर किती टपोरे!"

बाळ शिंकलं. पुन्हा शिंकलं. मग टाहो फोडून प्यालेलं सगळं दूध माझ्या पदरावर ओकलं.

लागली! माझीच दृष्ट लागली!

"न्हाय, न्हाय! कुटला गोड!" मी ओरडले. "माकडतोंड्या हाय! टकल्या हाय! नाक बघा, भज्यावानी! थू, थू!"

"अहो, थुंकताय काय त्याच्यावर?" मॅडमनी बाळ हिसकून घेतलं.

"थुंकत न्हाय, दृष्ट उतरवतीय! मीठ कुटं हाय? मोहऱ्या?" मी स्वयंपाकघराकडं धावले. मॅडमनी बाहेरचं दार उघडलं आणि मला बोटानं रस्ता दाखवला.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. भीमाबाई हसत होत्या! हसताहसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सूनबाई, नाक भज्यावानीच हाय की! ह्याच्या बापाचंबी ल्हानपणी तसलंच व्हतं!"

मॅडमचं बोट तसंच हवेत राहिलं. मग ते खाली घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "कळवते."

कारखान्यातला मुकादमही नको असलेल्या बाईला असंच सांगायचा. घरी येऊन मी मुकाट्यानं पुण्याची पिशवी भरायला घेतली. भांडी पालथी घातली, तुळस प्रतिक्षाच्या दारात नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "येसूबाई, सोमवारपासून या. बाळाला मी पाळणाघरात घालतेय. तुम्ही आमच्या आईंना सांभाळा. ती बाई कधी येणार, म्हणून सारखं विचारतायत."

आता मी रोज जाते. आम्ही दोघी मिळून अख्ख्या सोलापूरला नावं ठेवतो. नवनाथला मात्र बाळ सांभाळते, एवढंच सांगितलंय.

परवा नवनाथचा फोन आला. "काय गं आई, बाळ चालायला लागलं का?"

"आता कुठं पाऊल टाकतंय," मी म्हणाले. "माझा हात धरून."

बाळाचं वय त्यानं विचारलं नाही, ते बरं झालं. गेल्याच महिन्यात पासष्टावं लागलं!