वझलवार काका आणि गोळ्यांवरची बारीक अक्षरं

आमच्या घरात कुणी नुसतं शिंकलं, तरी औषधाच्या आधी वझलवार काका हजर होतात. विजय नगरात आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच, त्यामुळे शिंक लपत नाही. दारातच खिशातून भिंग काढतात आणि म्हणतात, "गोळी कोणती घेऊन राहिली? दाखव."

काका खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासायला होते. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. गोळीचं मोठ्या अक्षरातलं नाव ते वाचतच नाहीत. "ते दुकानदारासाठी असतं. आपण बारीक अक्षर वाचायचं जी."

एका साखरपुड्यात मुलाच्या वडिलांनी डोकेदुखीची गोळी तोंडाशी नेली, तर काकांनी मनगटच धरलं. ते कळवळले, "भाईसाब, सिर फट रहा है!"

"दो मिनट फटने दो, पढ़ने तो दो."

स्वतः काकांच्या लिव्हरवर चरबी आहे. सोनोग्राफीत ते कळलं तेव्हा त्यांना अपमानच वाटला. "दारूला कधी शिवलो नाही मी! काहून चढली चरबी?" डॉक्टरांनी पोटाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून काका सकाळ-संध्याकाळ चालतात, आणि खोव्याच्या जलेबीचं दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

गेल्या थंडीत मला ताप आला, कंबरही धरली. तापाची गोळी घरात होती, कंबरेची दुकानातून आणली. काका तेव्हा गावाला गेले होते; सहाव्या दिवशी परतले आणि भिंग घेऊनच आले. दोन्ही पाकिटं खिडकीशी नेऊन बराच वेळ वाचत राहिले.

"अगं, नावं दोन आहेत, आत पॅरासिटामॉल एकच! दोन्हीकडून घेऊन राहिली तू, लिव्हरला झेपेल का? चल, डॉक्टरकडे."

"उद्या जाते ना काका."

"उद्या नाही. आता."

त्यांचा आवाज इतका वेगळा होता की मी मुकाट्यानं चपला घातल्या.

डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या थांबवल्या, लिव्हरची रक्ततपासणी लिहून दिली आणि म्हणाले, "अच्छा हुआ, वक़्त पर आ गईं." काका ताठ बसले. मग डॉक्टरांनी त्यांच्याकडे मोर्चा वळवला. "और काका, आपकी कोलेस्टेरॉल वाली गोली?"

"बंद कर दी. लिवर पर बोझ न पड़े."

"किसने कहा?"

"मैंने ही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. फॅटी लिव्हर आहे हे बघूनच ती गोळी दिली होती, ती चालते, उलट हृदयासाठी ती हवीच. वाचा जरूर, पण बंद करायच्या आधी मला विचारा, असं त्यांनी दोनदा बजावलं. काका शाळेतल्या पोरासारखे मान हलवत राहिले.

परतताना ई-रिक्षात मी चिडवलं, "काय काका, आज तुमचाच माल परत आला!"

ते हसले नाहीत. खिशातलं भिंग चाचपत म्हणाले, "तुझ्या काकूचे गुडघे दुखायचे. सिहोऱ्याला एक माणूस पुड्या द्यायचा. तिला आराम पडायचा, म्हणून दर महिन्याला बसनं जाऊन मीच आणायचो. दोन वर्षं. मग कावीळ झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पुडीत काय होतं? मला सांगता आलं नाही. कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं."

काकू गेल्यानंतर आम्ही इथे राहायला आलो. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. डॉक्टरांनी पाहून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मी तो काकांना दाखवायला गेले. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली, शेवटच्या सहीपर्यंत. मग कागदाची नीट घडी घातली, पण परत दिला नाही.

"हा माझ्याजवळ ठेवू का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ठेवा ना काका."