मी नुसताच फिरायला निघालो होतो!

नुसतं फिरणं ही एक कला आहे, आणि अख्ख्या कोकंद शहरात ती येणारा एकमेव माणूस म्हणजे मी, तोल्किन! हसू नका. हातात पिशवी नाही, डोक्यात काम नाही, कुणाकडे जायचं नाही, असे घराबाहेर तुम्ही शेवटचे कधी पडला होतात? आठवत नाही ना? मग ऐका.

माझा धंदा टॅक्सी अड्ड्यावर माणसं भरण्याचा. "ताशकंद! ताशकंद! एकच सीट राहिली!" असं मी दिवसभर बोंबलत असतो. तेव्हा गाडीत चिटपाखरू नसतं, पण तो धंद्याचा भाग झाला. दिसेल त्याच्या बाहीला धरून मी विचारतो, "कुठे जायचंय?" आयुष्यभर दुसऱ्यांना कुठे ना कुठे धाडून मला एकच इच्छा उरली होती. एकदा आपण कुठेच जायचं नाही, आणि तेही पायी!

ही इच्छा मी सनोबरला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलून दाखवली.

"फिरायला? कुठे?"

"कुठेच नाही."

"मग जाता कशाला?"

"फिरायला!"

"अहो, पण कुठे?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी तिने चहाची वाटी खाली ठेवली. "हे बघा, आपल्या मोहल्ल्यात कामाशिवाय फक्त मांजर फिरतं. पण जा. घराला काडीचाही ताप न देता परत आलात, तर हिवाळाभर रविवारची सकाळ तुमची. मी एक शब्द बोलणार नाही. पण काही भानगड करून आलात, तर दर रविवारी बाबांच्या बागेत फावडं!"

माझ्या सासऱ्यांची शहराबाहेर जर्दाळूची बाग आहे. तिथे जावयाला बसलेलं पाहणं त्यांच्या प्रकृतीला सोसत नाही. खणायला काही उरलं नाही, की ते आदल्या रविवारी खणलेलं बुजवायला लावतात. त्यामुळे पैज काय लागली होती ते तुमच्या लक्षात आलंच असेल. एका बाजूला स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला फावडं!

"मंजूर!" मी म्हणालो. नुसतं चालण्यात भानगड ती काय होणार?

रविवारी उजाडता उजाडता उठलो. सनोबर गाढ झोपलेली. फोन मुद्दाम घरी ठेवला. बाहेर बोचरी थंडी होती, आणि माझ्या जाकिटाची चेन नेमकी मधेच अडकली. म्हणून वडिलांचा कापूस भरलेला लांब अंगरखा चढवला. त्याला गुंड्या नाहीत, म्हणून कमरेला रुमाल बांधला. डोक्यावर टोपी घातली, हात पोटावर बांधले, मान खाली घातली आणि निघालो.

आता तुम्ही कोकंदचे नसाल तर सांगून टाकतो. आमच्याकडे घरात कुणी वारलं, की त्या घरचा पुरुष असाच अंगरखा घालतो आणि कमरेला असाच रुमाल बांधतो. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण पोटाला वारा झोंबत असताना माणूस रीतीभातीचा विचार करत नाही.

पहिला भेटला सोदिक नानवाला. भट्टीत वाकून नान चिकटवत होता. मला पाहिलं, क्षणभर थबकला, हातातला कणकेचा गोळा खाली ठेवला, कपडे झटकले आणि मुकाट्याने माझ्या शेजारी चालू लागला. मला भरून आलं! वाटलं, या धावपळीच्या जगात आपल्यासारखा आणखी एक वेडा आहे तर!

थोडं अंतर गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "दादा, अचानक झालं का?"

"छे रे! किती दिवस मनात होतं. आज योग आला."

सोदिकने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "फार त्रास झाला का?"

"सुरुवातीला गुडघे जरा कुरकुरले. पण आता काय सांगू तुला, इतकं हलकं वाटतंय!"

"आणि... वहिनी?"

"पडलीय घरी. मी निघालो तेव्हा हूं नाही की चूं नाही. म्हटलं, राहू दे निवांत!"

सोदिकची हनुवटी थरथरायला लागली. मला वाटलं, थंडी. भट्टीपासून उठून आलेला माणूस, थंडी वाजणारच.

तोवर मागे पावलं वाजू लागली होती. न्हावी आला, चांभार आला, शाळेचे गणिताचे मास्तर आले. माझ्याच अड्ड्यावरचे दोन ड्रायव्हर रस्त्यात गाड्या सोडून आले! दुःखी माणसाला वाटेत एकटं सोडणं आमच्याकडे पाप, आणि "कोण गेलं हो?" असं विचारणं त्याहून मोठी लाज. इतक्या जवळच्या माणसाची बातमी तुम्हाला माहीत नाही? मग शेजारी कसले तुम्ही? त्यामुळे जो तो मान डोलवत होता, आणि माहीत कुणालाच काही नव्हतं.

मोहल्ल्याचे प्रमुख नुरिद्दीनबाबा तर धावतच आले. मोहल्ल्यात कुणी मेलं आणि ते प्रमुखांना माहीत नाही, म्हणजे काय अब्रू राहिली? ते थेट पहिल्या रांगेत घुसले आणि सगळं आपल्याच देखरेखीखाली चाललंय असा चेहरा करून चालू लागले.

मागच्यांची गंमत निराळी. त्यांना पुढचा माझा अंगरखा दिसत नव्हता. दिसत होते फक्त रविवारच्या सकाळी एका दिशेने निघालेले पुरुषच पुरुष. कोकंदमध्ये याचा एकच अर्थ होतो. कुणाच्या तरी घरी लग्नाआधी पुरुषांना घालतात तो सकाळचा पुलाव! त्यामुळे पुढे हुंदके आणि मागे "मटण कुणाकडून घेतलंय म्हणे?" अशी आमची वरात चालली होती.

मी एका कुंपणाशी तेंदूफळांचं लगडलेलं झाड बघायला थांबलो. सगळे थांबले. मी समाधानाने वर पाहिलं. सगळ्यांनी दुआसाठी हात वर केले! मी मागे वळून पाहिलं, आणि छाती फुगली. अहो, एका सकाळीत माझी कला शहरभर पसरली होती! म्हटलं, यांना आता खरं निरुद्देश फिरणं दाखवू या. आणि मी डावीकडच्या बोळात शिरलो, कारण तो बोळ कुठेच जात नाही.

म्हणजे तसा तो तोशमतबाबांच्या दारापर्यंत जातो. तोशमतबाबा उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेले. मागे एकदम कुजबुज झाली, "हं! मला वाटलंच होतं." सगळे सुटले बिचारे! गेलेला माणूस सापडला! नुरिद्दीनबाबांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि प्रार्थनेला सुरुवात करणार, तोच दार उघडलं आणि तोशमतबाबा स्वतः बाहेर आले.

"काय रे गर्दी? कोण गेलं?"

नुरिद्दीनबाबा प्रमुख पडले. उत्तर देणं त्यांचं कर्तव्य. ते म्हणाले, "तुम्ही, बाबा!"

"मी?" तोशमतबाबा विचारात पडले. "घरात कुणी मला काही बोललं नाही ते!"

"तसं नव्हे... म्हणजे आम्हाला वाटलं..."

"मग कोण गेलं ते सांगा ना!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तोंड उघडलं, पण नुरिद्दीनबाबांनी मला छातीशी असं काही आवळलं की शब्द आतल्या आत चेंगरला. "बोलू नकोस, पोरा. अशा वेळी बोलवत नाही."

"थांबा, मी काठी घेतो," तोशमतबाबा म्हणाले, आणि उन्हाळ्यापासून न उठलेला तो माणूस आमच्यात सामील झाला!

आता मात्र काहीतरी चुकतंय हे कळलं, काय ते कळेना. अशा वेळी शहाणा माणूस घरी जातो. मी पाय उचलला. त्यांनीही उचलला. मी जवळजवळ पळू लागलो. तेही पळू लागले! तोशमतबाबा तर काठी काखेत मारून! शेवटी माझ्या घराचं फाटक आलं, मी थांबलो, आणि सोदिकचा बांध फुटला.

"सनोबरवहिनी!" त्याने टाहो फोडला. "आता अशी वहिनी कुठे मिळणार!"

मग सगळ्या मोहल्ल्यात रडण्याचा असा कल्लोळ उसळला की काय सांगू! मी हात हलवून "नाही, नाही!" म्हणत होतो. त्यावर लोक आणखी रडले. "बघा, अजून मान्य करवत नाही त्याला!"

नुरिद्दीनबाबा ओट्यावर चढले. "लाखात एक बाई! हाताला चव, जिभेला साखर! याच्यासारख्या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला, पण कधी तक्रार नाही!"

"नाही, नाही!" जमावाने साथ दिली.

"याचा आरडाओरडा, याचं घोरणं, सगळं सोसलं!"

"सोसलं, सोसलं!"

"पुलाव कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं.

तेव्हा फाटक उघडलं आणि हातात झाडू घेऊन सनोबर बाहेर आली. ती फाटकामागे बराच वेळ उभी होती, हे मला नंतर कळलं. "उघडायची घाई कशाला करू?" ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याबद्दल चांगलं बोलत होतं."

त्या क्षणाचं वर्णन मी करणार नाही. गणिताचे मास्तर मटकन खाली बसले एवढंच सांगतो.

"म्हणजे आज कुणीच गेलं नाही?" तोशमतबाबा भडकले. "मग मला उठवलंत कशाला?"

नुरिद्दीनबाबा ओट्यावरून उतरले. "तोल्किन, खरं सांग. चालला कुठे होतास?"

"कुठेच नाही. असंच."

"असंच म्हणजे कुठे?"

"फिरायला!"

"बायकोशी भांडलास का?" "नोकरी गेली का?" "डॉक्टरने काही सांगितलंय का?" चहूकडून प्रश्न आले. मेलेला माणूस चालत आलेला त्यांनी खपवून घेतला होता, पण धडधाकट माणूस काही काम नसताना चालतो, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना!

सनोबरने फक्त एवढंच विचारलं, "सोदिकभाऊ, मी गेले असं तुम्हाला वाटलं, तेव्हा हे काय म्हणाले?"

सोदिक भाबडा माणूस. नाक पुसत म्हणाला, "म्हणाले, किती दिवस मनात होतं. आता इतकं हलकं वाटतंय!"

पैज कोण जिंकलं हे वेगळं सांगायला नको. त्या दिवशी फाटकाशी आलेल्या प्रत्येकाला पुलाव घालावा लागला, कारण मागचे हलेनातच. तोशमतबाबांनी दोनदा घेतला.

पण खरं संकट पुढे आलं. सनोबर गेल्याची बातमी एव्हाना दूरच्या मोहल्ल्यांत पोचली होती. लोक सांत्वनाला येत, दार तीच उघडायची, आणि पाहुणे किंचाळत. शेवटी नुरिद्दीनबाबांनी निवाडा दिला, "हिने दर रविवारी सगळ्या शहरातून सावकाश चालत जावं. लोकांची खात्री पटेल." पहिल्या रविवारी मीही बरोबर गेलो. सनोबर वाटेत झाडं बघत होती, पाटाच्या पाण्याकडे बघत उभी राहत होती, सगळ्यांना हात करत होती. परतताना तिचा चेहरा असा खुलला होता की बस्स.

"अहो," ती म्हणाली, "यात खरंच मजा आहे हो! कुठे जायचं नाही, काही आणायचं नाही! फक्त तुम्ही फार बडबडता. पुढच्या रविवारपासून मी एकटीच जाईन."

"आणि मी?"

"तुम्ही? बाबा वाट बघताहेत ना!"

तर हे सगळं मी जर्दाळूच्या बुंध्याला टेकून लिहितोय. फावडं शेजारीच आहे. आता थांबतो, सासरे इकडेच येताहेत. बागेत कुणी रिकामं बसलेलं दिसलं, की ते आधी कोण गेलं ते विचारतात.