परक्या चिंबोरीची चौकशी

माझ्या लेकीला, पायलला, जुळी झाली त्या वर्षी आमच्या राई गावच्या खाडीत एक परकी चिंबोरी सापडली. नांग्या निळ्या, पाठीवर ठिपके. सापडली शेजारच्या गोदूबाईच्या जाळ्यात. चिंबोऱ्या विकूनच तिची चूल पेटायची, म्हणून तिने तीही पाटीत मांडली. काठावर नव्याने उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या एका बाईंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला : ‘आपली खाडी वाचवा!’

आठवड्यात अभिनवसाहेब आले. आक्रमण-जोखीम निर्धारण अधिकारी. निर्धारण होईपर्यंत, स्थानिक चिंबोऱ्यांच्या संरक्षणार्थ, खाडीत उतरण्यास मनाई झाली.

साहेबांनी गोदूबाईच्या ओट्यावर बसून प्रश्न विचारले.

“बाहेरून आलीये?”

“हां.”

“झपाट्याने वाढते? स्थानिकांची बिळं बळकावते?”

गोदूबाईने टॉवरकडे पाहिलं. “साहेब, यो चिंबोरीचा इचारताव का त्यांचा?”

“आजी, ही प्रश्नावली फक्त दहा पायांच्या प्राण्यांसाठी आहे.”

चिंबोरीवर नजर ठेवायला निरीक्षण केंद्र हवं. त्यासाठी काठच्या चिखलात भराव पडला. स्थानिक चिंबोऱ्यांची बिळं त्याच चिखलात होती.

नारळी पौर्णिमेला गोदूबाई नारळ घेऊन काठावर गेली. खाडीला नारळ वाहिल्याशिवाय आमच्यात नव्या हंगामात कोणी पाण्यात पाय घालत नाही. साहेबांनी अडवलं.

“नारळ कुठला?”

“हाटकेशच्या दुकानातला.”

“त्याआधी?”

“केरळचा म्हनं.”

नारळ जप्त झाला.

दिवाळीत अहवाल आला : परक्या चिंबोरीपासून स्थानिक चिंबोऱ्यांना धोका नाही, कारण स्थानिक चिंबोऱ्या आढळून आल्या नाहीत. परक्या मात्र मुबलक होत्या. मनाई उठली.

“उतरा आजी,” साहेब म्हणाले.

“माझा नारल द्या.”

“त्याचं निर्धारण चालू आहे.”

“दुसरा आनते.”

“तोही बाहेरचाच ना?”

मी म्हटलं, “गोदू, घरात दाणा नाही. उतर तशीच.”

“खारीच्या पान्याला न इचारता उतराला मी काय भराव हाय?” ती म्हणाली, आणि जाळं वळचणीला टांगलं.

साहेबांच्या कपाटात पडल्या पडल्या नारळाला कोंब फुटला. आक्रमणाची चिन्हं स्पष्ट असल्याची नोंद झाली. मग उद्घाटनाला शोभा हवी म्हणून तोच केंद्रासमोर, भरावावर, समारंभाने लावला.

तुमच्या टॉवरच्या खिडकीतून दिसतं ते रोप त्याचंच. त्याला पाणी घालायला तुमच्या सोसायटीने माळी ठेवलाय, चांगलं केलंत. गोदूबाई त्याच वर्षी माघी पौर्णिमेला वारली.