चिकटपट्टीखालचं बटण

आमचे शेजारी जिनूकाका यांच्या ड्रिल मशीनवर एक बटण आहे, आणि त्यावर काळ्या चिकटपट्टीचे सात थर आहेत. ते हॅमरचं बटण. दाबलं की मशीन फिरता फिरता ठोकेही मारतं. काका मात्र भिंतीलाही नुसतं फिरवूनच भोक पाडतात. एका खिळ्याला अर्धा दिवस! पट्टीला कुणी बोट लावलं तर ओरडतात, "हात काढ! मेलंय ते बटण!"

उद्यमनगरच्या कारखान्यात उभा जन्म लेथवर गेलेला हा माणूस. "दम खा की!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रिक्षावाल्याला तेच, शिट्टी देणाऱ्या कुकरला तेच. पुण्याचा मुलगा फोनवर "आप्पा, स्वयंपाकघरातला ओटा बदलू या" म्हणतो, त्यालाही तेच.

परवा आमच्या बेसिनच्या ओट्याला नळासाठी भोक पाडायचं होतं. ओटा कल्चर्ड मार्बलचा, म्हणजे संगमरवराची पूड रेझिनमध्ये ओतून केलेला, वर चकचकीत पापुद्रा. तो तडकला की अख्खा ओटा भंगारात. दोन प्लंबर "गॅरंटी न्हाय" म्हणून निघून गेले. शेवटी बायकोने काकांना हाक मारली.

काकांनी तीनदा माप घेतलं, खुणेवर कागदी टेप लावली, खालून फळीचा आधार दिला आणि हिऱ्याच्या धारेचा गोल कटर बसवला.

"चकचकीत बाजूनं सुरू करायचं. रेटायचं न्हाय. पोरी, थेंब थेंब पाणी सोड. धार नगं, शॉक बसंल." बायको वाटीतून पाणी सोडू लागली.

"काका, जरा जोर लावा की," मी म्हणालो.

"तू भाईर बस जा!"

वीस मिनिटांनी गोल चकती अलगद निघाली. कडेला टवकासुद्धा उडाला नव्हता. प्लंबरांनी येऊन बघावं!

संध्याकाळी खीर द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. काकू जाऊन चार वर्षं झाली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थबकलोच. ओटा आमच्यासारखाच, पण भिंतीपासून कडेपर्यंत तडा गेलेला, आणि तो तडा तांबडा.

"तुझी काकू म्हायेरला, हातकणंगल्याला गेलती," काका म्हणाले. "ती यायच्या आत फिल्टरचा नळ बसवून दावायचा हुता. घाईत हॅमर चालू ऱ्हायला. वाटलं, आता काय खरं न्हाय. तर म्हणाली, 'असू दे, वापरू की.' मग वर्सानुवर्सं हितंच तिखटाचं डबं भरलं तिनं."

"रेझिन भरून पांढरा होईल की. तुम्हाला तर येतंच."

"येतंय की." त्यांचं बोट तड्यावरून फिरत होतं. "पर तिचं तिखट हाय त्यात."

मग एवढा गडगडणारा माणूस खाली बघत म्हणाला, "उद्या पोरगं ग्रॅनाईटवाला घिऊन येतंय. माझं ऐकत न्हाय. तू सांगशील?"

 मी होकाराची मान हलवली.

सकाळी टेम्पो दारात लागला. मुलगा आणि ग्रॅनाईटवाला उतरले. मी काकांच्या पायरीवर आडवा उभा राहिलो आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "दम खा की!"